मामा डावीकडे बघतात

कोल्हापूरला जायचं ठरलं ते आत्याच्या फोनमुळे. "कॅमेरा घेऊन ये," ती म्हणाली. "मी गेल्यावर सुधीर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावंल बघ भिंतीवर. त्यात मी चोरासारखी दिसतीया." आत्याचं दुखणं पोटातलं, डॉक्टरांनी हात टेकलेले, आणि सुधीर म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. फोनवर मी हसले. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडले.

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहे, मी पुण्यात रविवारी फोटोग्राफीचे वर्ग घेते आणि नियमांच्या बाबतीत जरा जास्तच खवट आहे. माणूस मधोमध कोंबू नका. चौकटीचे मनातल्या मनात तीन भाग करा. माणूस ज्या दिशेला बघतोय त्या दिशेला जागा सोडा, नाहीतर तो भिंतीवर डोकं आपटतोय असं वाटतं. विद्यार्थी माझ्यामागे मला काय म्हणतात तेही ठाऊक आहे.

स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. जाणाऱ्यांसाठी सांगते: साताऱ्यापुढे रस्त्याचं काम चालूच आहे, त्यामुळे कोणी पाच तास म्हणालं तर सात धरून चाला. बायकांना निम्मं तिकीट, खिशाला झळ नाही. वाटेत बस जिथे थांबते तिथलं काही खाऊ नका, भूक राखून ठेवा. स्टँडवर उतरलं की शाहूपुरी पायी गाठता येते आणि वाटेत मिसळ आहेच. मी ऐटीत कट जास्त मागितला. वाढणाऱ्यानं विचारलं, "ताई, झेपंल न्हवं?" झेपला नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं. तिथे कुणी कारण विचारत नाही.

आत्याचं घर जवळच. खाली मामांचं बंद पडलेलं सायकलचं दुकान, वर दोन खोल्या. मामा म्हणजे आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. ते करोनात गेले. आत्या खाटेवर बसली होती, एवढीशी झालेली, हळद लावल्यासारखी पिवळी.

"कशी आहेस?" मी विचारलं.

"कशी असणार. च्या घे आधी."

तिला एकटीचा फोटो नको होता. मामांचा आणि तिचा, एकाच फ्रेममध्ये जोडून हवा होता. "दोन फ्रेमा करू नगा. इतकी वर्षं एका खोलीत काढली, आता कशाला येगळी घरं." अडचण एवढीच की मामा कॅमेरा दिसला की पळायचे. त्यांचा नीट असा फोटो एकच, सुधीरच्या लग्नातला. त्यातही ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. मान वळवून आपल्या, म्हणजे बघणाऱ्याच्या, डावीकडे बघतायत.

दुसऱ्या दिवशी रिक्षानं फ्रेमवाल्या चाचांकडे गेलो. सुधीर नको म्हणत होता, आत्यानं ऐकलं नाही. चाचांचं दुकान तीन पिढ्यांचं; निम्म्या पेठेचे आईबाप त्यांनीच भिंतीवर चढवलेत. त्यांनी मामांचा फोटो संगणकावर मोठा केला. "काकींना ह्या अंगाला घ्यायचं," म्हणत उजवीकडे बोट ठेवलं. बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला, वामांगी म्हणतात तशी. म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडे. जोडफोटोत हीच रीत.

पण मग मामांची आत्याकडे पाठ झाली की. मी लगेच शहाणपणा केला. "फोटो आरशातल्यासारखा उलटा करा, चाचा. नजर तिच्याकडे वळेल." त्यांनी केला.

आत्या पडद्याजवळ वाकली. "ह्यो कोण माणूस?"

"मामाच की गं."

"ह्येंची खोक डाव्या भुवईवर हाय. सायकलीचा आरा लागलता. ह्यो कुणीतरी परका हाय." चाचांनी गुपचूप फोटो पहिल्यासारखा केला. आत्या म्हणाली, "ठावं हाय काय, कुठं बघाय लागल्यात ते? मी हाक मारत होते. पंगती उठत आलत्या, म्हटलं आता तरी जेवा. मी हितं, खांबापाशी उभी." तिनं पडद्याच्या डाव्या कडेबाहेर, नुसत्या हवेत बोट ठेवलं. "मग मला हितंच बसवा की."

"काकी, रीत न्हाय ती," चाचा म्हणाले. "लोकं म्हणतील फ्रेमवाल्याला अक्कल न्हाय."

"लोकं तेराव्याला जेवाय येतील, तवा बघतील मान वर करून. बघू देत."

खिडकीपाशी स्टूल ठेवून मी तिला बसवलं. असल्या फोटोत माणसानं सरळ कॅमेऱ्यात बघायचं असतं, हाही नियमच. पण आत्या विचारत होती, "ह्ये कुठं येणार?" मी उजवा हात लांब करून दाखवला. ती त्या हाताकडे बघायला लागली. थोडी रागावून, थोडी लाडानं, ताट वाढून ठेवलेल्या बाईसारखी. मी बटण दाबलं. मला नीट दिसत नव्हतं, सगळं मशीनवर सोडलं. चाचांनी आत्या म्हणाली तशीच जोडणी केली आणि एक प्रत मलाही दिली.

संध्याकाळी रंकाळ्यावर एकटीच गेले. संध्याकाळीच जा, भेळ घ्या, पश्चिमेचा उजेड सुंदर असतो. क्षितिज बरोबर एक तृतीयांशावर ठेवून फोटो काढला. एकही नियम मोडला नाही. इथे लावावासा वाटला नाही.

आत्या उन्हाळ्याच्या तोंडाला गेली. तेराव्याला पुन्हा तीच एसटी, तोच रस्ता. जिना चढून वर गेले तर भिंतीवर फ्रेम होती, हार घातलेली. मामा डावीकडे, आत्या उजवीकडे.

सुधीरच्या चुलत्यांनी दहाव्यालाच फर्मान काढलं होतं: बाईमाणूस भलत्या अंगाला शोभत नाही, बदलून आण. त्यानं आणली होती. आता मामा डावीकडे बाहेर बघत होते आणि आत्या उजवीकडे बाहेर. दोघांची एकमेकांकडे पाठ. माझ्या शेजारी जेवणारी एक बाई म्हणाली, "भांडून बसल्यागत दिसत्यात न्हवं?" मी ताट तसंच ठेवून उठले.

सुधीरला जिन्यात गाठलं. माझा आवाज चढला होता. तो कठड्याला धरून उभा राहिला. "ताई, मला दिसत न्हाय व्हय? पण चुलत्यांनी खांदा दिलाय. त्येंच्यासंगं त्या दिवशी कुठं भांडत बसू?"

पुण्याला आले. पुढच्या रविवारी वर्गात एका मुलीनं विचारलं, नियम मोडायचा कधी? माझ्याकडे या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर आहे, पाठ केल्यासारखं. ते आठवेना. "फोटोतला माणूस कुणाकडे बघतोय ते आधी विचारून घे," एवढंच म्हणाले. तिला ते अर्धवट वाटलं असणार.

परवा सुधीरचा फोन आला. "ताई, तो पयला फोटो हाय न्हवं तुझ्याकडं? बारका करून पाठीव. पाकिटात बसंल एवढा." मी लगेच पाठवला. थोड्या वेळानं पुन्हा फोन वाजला.

"आई जेवाय बोलवाय लागलीया पप्पांना," तो म्हणाला.