दोन काळे ओहोळ

इ. स. ११५२, ऑक्टोबरची अठरा तारीख. त्या दिवशी नेख्तानने साधूंच्या मठाला जी जमीन लिहून दिली, तिचं वर्षाचं उत्पन्न दोन पाउंड, सहा शिलिंग आणि आठ पेनी धरलं होतं. नेख्तान त्या दरीचा मोर्मेर. वर राजा, खाली तो, मध्ये कोणी नाही. दानपत्रात हद्द अशी लिहिली: नदीच्या उतारापासून डोंगराकडे, काळ्या ओहोळापर्यंत.

लिहिणारा कारकून साधू परमुलखातला. त्या डोंगरावरून काळा ओहोळ नावाचे दोन ओहोळ उतरतात, एक खालचा, एक वरचा, हे त्याला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांना वाचता येत नव्हतं.

या दोन ओहोळांच्या मधल्या पट्ट्यात देर्वालचं उन्हाळी कुरण होतं. देर्वाल एकसष्ट वर्षांची, दोनदा विधवा झालेली. नऊ गायी. मे ते ऑगस्ट ती गायींसकट वर खोपट्यात राहायची आणि चीज करायची. त्यातूनच मोर्मेरचा वसूल भागायचा आणि उरलेल्यावर हिवाळा निघायचा. कुरण गेलं तर खालच्या रानात चारच गायी पोसणं शक्य होतं.

नेख्तान तिचा दूधभाऊ. मोठ्या घरची मुलं दुसऱ्याकडे वाढवायला द्यायची रीत. तो महिन्याचा असताना देर्वालच्या आईकडे आला आणि चौदा वर्षांचा होऊन परत गेला. पुढे चुलतभावाला मारून मोर्मेर झाला. तरी वर्षातून एकदा तो तिच्या गावातल्या घरी यायचा, ओटची भाकरी आणि लोणी खायचा आणि दोन्हीला नावं ठेवायचा. तिने त्याच्याकडे कधी काही मागितलं नाही.

सप्टेंबरअखेर तो घोड्यावरून पडला. खुब्याचं हाड मोडलं, ताप चढला, आणि मरणाआधी त्याने हे दान केलं.

तीन दिवसांनी गावचा न्यायनिवाडा करणारा फेर्हार देर्वालकडे आला. हद्द पायी चालून दाखवायची, आणि दाखवणाऱ्याने लहानपणी त्या डोंगरावर गुरं राखलेली असावीत, असा नियम होता. तशी दोनच माणसं जिवंत होती: ती आणि अंथरुणाला खिळलेला नेख्तान.

"मावशी, तुलाच चालायचंय. खालच्या ओहोळाशी थांबलीस तर कोण नाही म्हणणार? मी तर नाही."

"आणि त्याच्या मनात वरचा असला तर?"

"तो काय उठून बघायला येतोय?"

"मेला नाहीये अजून तो. जीभ आवर जरा."

ती तशीच उठून नेख्तानकडे गेली.

"लोणी आणलंस?" त्याने पडल्या पडल्या विचारलं.

"गिळवतंय का काही?"

"तुझं लोणी धडधाकट माणसालाही गिळवत नाही."

"पुरे. कुठला ओहोळ लिहून दिलास?"

"वरचा. मी तुला ढकललं होतं तो."

"ढकललं कुठं? स्वतः घसरलास आणि मला घेऊन पडलास."

"बरं, तसं म्हण." मग तो बराच वेळ दम घेत राहिला. "खालच्यापर्यंत सत्तर गायी चरतात, वरच्यापर्यंत शंभर. चुलतभावाच्या रक्ताचं मोल शंभर गायी. त्याच्या माणसांनी कधी घेतलं नाही. आता देवाने घ्यावं." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुझं खोपटं त्याच्याही पलीकडे ना?"

लहानपणी होतं पलीकडे. बावीस वर्षांपूर्वी तिथली दरड कोसळली तेव्हा ती खोपटं आणि गायी घेऊन अलीकडे आली होती. नेख्तान त्यानंतर वर गेलाच नव्हता. खरं सांगितलं असतं तर त्याने कारकुनाला बोलावून तो पट्टा खोडायला लावला असता. तिच्यासाठी तो एवढं नक्की करणार. मग तीस गायी कमी पडणार, आणि दुसरी जमीन ठरवण्याइतका श्वास त्याच्यात उरला नव्हता.

"पलीकडेच आहे," ती म्हणाली.

"मग झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तो गेला.

त्याला पुरल्यावर हद्द चालायचा दिवस ठरला. देर्वाल पुढे अनवाणी, मागे फेर्हार, साधू आणि गावची माणसं. खालच्या ओहोळाशी फेर्हार मोठ्याने खाकरला. तिने घागरा गुडघ्यापर्यंत उचलला आणि पाण्यात शिरली.

"मावशी! अगं, कुठं चाललीस?"

"वर. पाणी बर्फासारखं आहे, बोलत बसू नकोस."

वरच्या ओहोळाशी येऊन तिने काठच्या खडकावर हात ठेवला. "हा," ती म्हणाली. कारकुनाने लिहून घेतलं.

 परत येताना खोपट्यापाशी आल्यावर फेर्हारला राहवलं नाही. "नऊ गायी आहेत तुझ्या. तो गेला, तुला काय खायला घालणार आहे?"

"आजवर कुठं घालत होता? मीच घालत होते त्याला."

हिवाळा लागण्याआधी तिने पाच गायी विकल्या. दोन वर्षं चार गायींवर काढली. चीज पुरेना तेव्हा मठाच्याच लोकरी धुवायला गेली. ११५५ च्या वसंतात ती वारली. गावाने तिला तिच्या आईशेजारी, म्हणजे नेख्तानच्या दूधआईशेजारी, जागा दिली.

मठाने तिचं खोपटं मोडून तुळया मेंढवाड्याला लावल्या होत्या. त्यांची किंमत सोळा पेनी ठरली होती. बारा पेनी तिला मिळाल्या. चार पेनी मठाकडून येणं बाकी आहे.