भोंग्यावरचं पुस्तक

शलमोनची रिक्षा भोंगा लावून निघाली की राहुरीकडची चार-पाच गावं कान टवकारायची. कुणाची म्हैस हरवली, कुणाचा दशक्रिया विधी, कुठं रक्तदान शिबिर, सगळं त्याच्याच तोंडून. आणि नुसतं नाव सांगून भागायचं नाही हो! कुणाची सून, कुठली गल्ली, हे जोडल्याशिवाय गड्याची जीभ थांबतच नसे.

संगमनेरच्या प्रकाशक पंकजाताईंना हॉल, हार अन् शालींचा वीट आला होता. त्यांनी ठरवलं, नव्या पुस्तकाचं प्रकाशन गावच्या आठवडे बाजारात, शलमोनच्या रिक्षातून. त्यानं खूण केलेलं पान भोंग्यावर वाचायचं, लोकांनी तिथंच पुस्तक घ्यायचं.

"एवढं सांभाळा," त्या म्हणाल्या, "लेखिकेचं नाव फक्त चांगुणा. गाव, घर काही सांगायचं नाही."

"व्हय ताई, काळजीच नको," हा पठ्ठ्या म्हणाला.

नव्या सुनेची दहावीची पुस्तकं सासऱ्यानं चुलीत घातली, तो प्रसंग बाजाराच्या दिवशी त्यानं भोंग्यावर वाचला. भाजीवाल्या बाया तराजू खाली ठेवून ऐकू लागल्या, एकीनं डोळ्याला पदर लावला. अन् गडी रंगात आला! "या आपल्याच गावच्या बरं का! पाटाकडेच्या काकासाहेबांच्या सूनबाई!" टाळ्या पडल्या, पुस्तकं हातोहात गेली. मग पंकजाताईंचा पांढराफटक चेहरा दिसला आणि त्यानं भोंगा बंद केला. देवबापा, हे काय करून बसलो!

संध्याकाळी तो मान खाली घालून चांगुणाबाईंच्या दारात उभा राहिला. "वैनी, चुकलं माझं. जीभ झडली पाहिजे ही."

"पुस्तक वाचलं का, शलमोनभाऊ?"

"न्हाई. तेवढंच पान."

"पुढं लिवलंय, मामंजींनी माझी माफी मागितली ते. म्हातारपणी त्यांची अब्रू जाऊ नये म्हणून तर घराचं नाव झाकलं हुतं."

ती एक शब्दही चढ्या आवाजात बोलली नाही. शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. काकासाहेब कधीचे अंथरुणाला खिळलेले. भोंगा त्यांच्या खिडकीपर्यंत ऐकू आला होता. तेव्हापासून ते लाजेनं सुनेच्या हातचा घास घेत नव्हते.

शलमोनला राहवेना. पेजेची वाटी घेऊन तो खाटेशी बसला. "काका, माझी चूक पोटात घाला. एक घास तरी घ्या."

भोंग्यावरचा तो आवाज ओळखू आला तसे म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.