नवशिकीचा चतुर

माझ्या मामांचा उभा जन्म चष्म्याच्या काचा घासण्यात गेला. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्म करतात, नाहीतर शेजाऱ्यांना सल्ले देतात. मामांनी चतुर धरले. म्हणजे हातात नव्हे, फोटोत. उष्ण प्रदेशातले चतुर, म्हणजे तळ्याकाठी भिरभिरणारे ते चार पंखांचे कीटक, ओळखणाऱ्यांचा एक ऑनलाइन गट आहे. लोक तळ्याकाठी, गच्चीवर काढलेले फोटो तिथे टाकतात आणि मामा तो कोणत्या जातीचा ते सांगतात.

त्यांची पद्धत ठरलेली. फोटो आला की आधी चतुराच्या भोवतालचं सगळं कापून टाकायचं. "मागचं बघितलं की डोकं फसतं," ते म्हणत. "तळं दिसलं की तळ्यातलाच चतुर वाटायला लागतो." मग पंखांच्या शिरा, छातीवरचे पट्टे, शेपटीच्या टोकाचे चिमटे. फोटो नुसता वरून काढलेला असेल तर उत्तरही ठरलेलं: "कृपया बाजूनेही फोटो पाठवावा. आपला आभारी आहे."

हे 'कृपया' आणि 'आभारी' घरात कुणी ऐकलं नव्हतं. घरात मामांचे शब्द दोनच, 'हं' आणि 'ठेव'. 'ठेव' हे चहाला उद्देशून. मामी एकदा मला म्हणाली, "परक्यांशी बोलतात तेवढं माझ्याशी बोलले तरी पुरे. तू मला त्या गटात घाल." मला हसू आलं, तिला आलं नाही. मी 'नवशिकी' या नावाने तिला खातं उघडून दिलं.

मामी परसात मिरचीच्या कुंडीजवळ बसायची. कुंडीत रोवलेल्या काठीवर एक पिवळा चतुर यायचा. तिने त्याचा फोटो टाकला. मामांनी लगेच कळवलं, "मादी आहे. छान टिपलंत." बाजूचा फोटो मागायचं त्या दिवशी नेमके विसरले. मामीने ते "छान टिपलंत" मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. तिचा आवाज ऐकून मला मामांचा राग आला.

मग मामी रोज फोटो टाकायला लागली आणि मामा रोज उत्तर द्यायला लागले, मध्ये एक भिंत. पिवळा चतुर हळूहळू केशरी झाला, मग लालभडक. नवशिकीने लिहिलं, "हा तोच आहे. रोज त्याच काठीवर बसतो. मादी नव्हे, नर आहे."

कोवळा नर मादीसारखाच पिवळा असतो, हे मामा इतरांना शंभरदा बजावत. स्वतः तिथेच घसरले. पण सरळ हार मानतील तर ते मामा कसले. "तोच कशावरून?" त्यांनी लिहिलं. "कृपया पुरावा द्यावा."

"काठी बघा," नवशिकीचं उत्तर आलं.

काठी कापलेल्या भागात गेली होती. मामांनी पहिल्यांदाच नवशिकीचे सगळे फोटो न कापता ओळीने लावले. मी त्या दुपारी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. काठी एकच होती, टोकाला निळी दोरी बांधलेली. कुंडीही एकच. कुंडीमागे खिडकी होती, आणि प्रत्येक फोटोत त्या खिडकीत संगणकावर वाकलेली एक पाठ होती. काहींत शर्टाची कॉलर उसवलेली दिसत होती. मामांनी मानेमागे हात नेऊन कॉलर चाचपली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात त्यांचा चेहरा दिसला. मामांना लाज वाटली होती, आणि ती लपवायला त्या खोलीत जागा नव्हती.

"कधीपासून बसते ती तिथे?" त्यांनी विचारलं.

"बरीच वर्षं झाली," मी म्हणालो.

ते उठून परसात गेले. मामीने मान न वळवता हातानेच थांबवलं. "अहो, हळू. उडेल तो."

मामा होते तिथेच थबकले, मग जपून तिच्या शेजारी पायरीवर टेकले. चतुर काठीवरून उडाला, एक फेरी मारून परत तिथेच बसला. दोघंही बघत राहिले.

"तुझंच बरोबर होतं," मामा शेवटी म्हणाले. "नर आहे."

"ते मला ठाऊकच होतं," मामी म्हणाली. "दुसरं काहीतरी बोला."