सह्या केलेली चेकबुकं

आमचे हे तीस वर्षं परक्या देशात लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरले. कुणाला कधी मध्येच अडकू दिलं नाही. बायकोला मात्र असं अडकवून ठेवलंय की विचारू नका.

लोक मला म्हणतात, जाऊ द्या हो, साधा माणूस आहे. या साधेपणाची किंमत कुणी भरायची ते कुणी सांगत नाही.

दर दोन वर्षांनी आम्ही सुट्टीवर घरी जायचो. तिथून परत निघायच्या दिवशी बॅगा भरून झाल्या की हे टेबलाशी बसायचे आणि अख्ख्या चेकबुकावर सह्या करून ते धाकट्या भावाच्या हातात द्यायचे. पंचवीस चेक. नाव नाही, आकडा नाही, नुसती सही. "अडीनडीला असू दे," म्हणायचे. ह्यांचे इथले सगळे दोस्त असंच करतात. एकेकाच्या घरी एकेक भाऊ सह्यांवर पोसलेला आहे. मी एकदाच बोलले, तर म्हणाले, "सख्खा भाऊ आहे माझा, त्याच्याकडे हिशेब मागू?"

हे निवृत्त झाले तेव्हा कंपनीने एकरकमी पैसे दिले. आम्ही इथेच राहायचं ठरवलं होतं. ह्यांच्या हृदयाची औषधं इथल्या दवाखान्यात रहिवाशाच्या कार्डावर मिळतात, माझी शिवणाची गिऱ्हाइकं इथे आहेत, आणि चार ओळखीची माणसं म्हणावीत तर तीही आता इथेच. अट एवढीच, की निवृत्त परदेशी माणसाने एक ठरावीक रक्कम इथल्या बँकेत ठेवायची आणि इथे राहायचा परवाना आहे तोवर तिला हात लावायचा नाही. तर ह्या गृहस्थांनी काय करावं? "तिकडे व्याज जास्त मिळतं, परवान्याच्या वेळी मागवून घेऊ," म्हणून सगळी रक्कम घरच्या खात्यात पाठवून मोकळे झाले. ज्या खात्याची चेकबुकं भाऊजींच्या कपाटात, त्याच खात्यात. मला सांगितलं ते पाठवून झाल्यावर.

परवान्याचा अर्ज भरायला दीड महिना उरला तेव्हा ह्यांनी फोन लावला. स्पीकर चालू होता, मी समोरच बसले होते.

"अरे दादा, तुला सांगायचंच राहिलं," भाऊजी म्हणाले. "वरचा मजला चढवला. तुम्हा दोघांना एक खोली काढलीय, चांगली हवेशीर. या की आता परत. तिथे कशाला म्हातारपण काढताय?"

"खात्यात किती उरलेत?"

"उरतायत कसले? फरशीवाल्याचंच द्यायचंय अजून."

हे म्हणाले, "बरं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मजला कुणाच्या नावावर, विचारलं नाही. न विचारता कसा बांधलास, तेही नाही. बरं म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

पैसे माझ्याकडे होते. अकरा वर्षं पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून साठवलेले, माझ्या नावावर, ह्यांना न सांगता. सांगितलं असतं तर त्या पैशांचीही तिकडे एखादी भिंत उभी राहिली असती. ते माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी होते. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातली तारीखही दिली होती. चार दिवस मी ह्यांच्याशी चकार शब्द बोलले नाही. पाचव्या दिवशी लंगडत दवाखान्यात गेले आणि तारीख रद्द करून आले.

परवान्याच्या ऑफिसात खिडकीतली बाई म्हणाली, पैसे ज्याच्या नावावर, अर्ज त्याच्याच नावाने होईल. म्हणजे माझ्या. "आणि हे कोण? तुमच्यावर अवलंबून?" तिने विचारलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. मान खाली घालून म्हणाले, "हो, तसंच लिहा." मला दया आली नाही. आली असेल थोडी, तर मी ती गिळली.

परवाना मिळाला, तो कुणाच्या पैशांवर ते ह्यांनीच घरी कळवलं आणि आठवड्यात भाऊजींचा फोन. "वहिनीकडे एवढा पैसा होता आणि आम्हाला पत्ताच नाही. मग फरशीवाल्याचं तेवढं बघतोस का, दादा?"

ह्यांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ते तिच्या गुडघ्याचे पैसे होते. तुझ्या मजल्यापायी गेले. पुन्हा पैशासाठी मला फोन करू नकोस." फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले, मी आता शाबास म्हणेन अशा आशेने.

मी म्हटलं नाही. ह्या तीन वाक्यांची मी तीस वर्षं वाट बघितली, आणि ती आली कधी, तर माझी तारीख गेल्यावर. परवाना आहे तोवर पैशाला हात लावता येत नाही, आणि ह्यांच्या औषधांसाठी परवाना तर हवाच.

"तो पडद्यांच्या कापडाचा गठ्ठा इकडे आणून द्या," मी म्हटलं. "मला उठवत नाही."