मिशी दिसेपर्यंत

माझे सासरे मिशी पाहायला आरसा घेत नसत, वितळलेल्या जस्तात पाहत. अंगणात विटांची भट्टी, तिच्यावर लोखंडी कढई, कढईत लवलवणारं जस्त आणि त्यावर वाकलेले मामाजी. "मिशी दिसली म्हंजे माल साफ," हे त्यांचं शास्त्र. मी तेव्हा बोरगावहून सौंसरला नुकतीच सून म्हणून आले होते. सासऱ्यांची मिशी शाबूत आहे ना, हे तपासणं माझ्याच वाट्याला आलं.

पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये ते फिटर होते. निवृत्त झालेली माणसं पारावर बसतात. मामाजी रेडिओचे, टॉर्चचे संपलेले सेल गोळा करू लागले. सेल फोडायचा, आतली काळी भुकटी नि कांडी काढायची, जस्ताचं कवच धुऊन कडक उन्हात वाळवायचं आणि वितळवायचं. शनिवारी तर ते जामसांवलीच्या मारुतीच्या देवळाबाहेर यात्रेकरूंच्या टॉर्चवर डोळा ठेवून उभे राहत. वस्तीने त्यांचं नाव सेलबाबा ठेवलं.

कवच कितीही धुवा, मळ राहतोच. जस्त वितळलं की त्यावर करडी साय धरते. मामाजी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहत आणि कढईत मळ सोडवणारा नवसागर टाकत. पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि दाराआड माझा जीव टांगणीला लागे. मग ते सळईने ती साय हळूहळू घोळत. चांगलं जस्त खाली गळे, वर कोरडी मळी उरे, ती झाऱ्याने काढत. "दुधाची साय ठेवाची, जस्ताची काढाची. उलटं केलं तं दोन्हीचा सत्यानास." झारा अर्थातच आमच्या भज्यांचा. सासूबाईंनी त्याला चुलीपासून कायमचं हद्दपार केलं होतं.

एका वर्षी वस्तीतल्या बुद्धविहाराच्या दारासाठी धम्मचक्र ओतायचं ठरलं. बुद्धजयंतीला ते दारावर हवं होतं. वर्षभर घराघरांतून सेल आले. सागवानी नमुना झाला, रेतीचा साचा वाळला. आठ आरे, अष्टांगिक मार्गाच्या एकेका अंगाचा एकेक. जस्त मात्र मोजकंच, पळीभरही जास्त नाही.

जयंतीच्या आदल्या सकाळी सगळी वस्ती अंगणात. शेजारचे गणपतभाऊ ओट्यावर बसून तोंड चालवत होते. "सेलबाबा, काढून काढून फेकूनच राहिले तुमी. चाक कायचं करता, धुराचं?"

"बाई, झारा!" मामाजींनी मला हाक मारली.

मोठ्यांच्या हातात भांडं विसळल्याशिवाय द्यायचं नाही, ही माझ्या आईची शिकवण. मी झारा मोरीवर विसळला आणि धावत नेऊन दिला. एरवी मामाजी तो आधी निखाऱ्यांवर धरत. पाण्याचा एक थेंब जरी जस्ताखाली गेला तरी वाफेचा सुरुंग होतो, हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. त्या दिवशी गणपतभाऊंना उत्तर द्यायच्या नादात त्यांनी झारा तसाच बुडवला.

फाट्‌! जस्ताचं कारंजं उडालं. गणपतभाऊ ओट्यावरून थेट कोंबड्यांच्या खुराड्यात. बायका किंचाळल्या. मामाजींच्या मनगटावर चरचरीत भाजलं आणि निम्मं जस्त मातीत गेलं.

"का झालं, बाबा?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

मामाजींनी माझ्या निथळत्या हातांकडे पाहिलं. "हात सुटला माहा," ते म्हणाले. "म्हातारा झालो."

सासूबाईंनी त्यांचा हात पाण्याच्या बादलीत धरला. जरा वेळाने मामाजींनी हात कोरडा पुसला आणि मातीतले जस्ताचे गोळे वेचायला बसले. सोबत काड्या, राख, कोंबडीचं पीसही आलं. सगळं पुन्हा कढईत. पुन्हा नवसागर, पुन्हा घोळणं, पुन्हा मळी. झाऱ्यागणिक कढई रिती होतेय असं मला वाटत होतं.

"आता पुरे करा जी, मामाजी. चाक भरन नाही."

"मळ ठेवून भरलं तं आरा मधातच तुटते, बाई. दारातून लेकरं जातीन-येतीन. कोनाच्या डोक्यावर पडलं तं?"

शेवटी ते वाकले, मिशी दिसली आणि त्यांनी जस्त ओतलं. साचा फोडला तेव्हा सात आरे पुरे होते. आठवा कडेपासून दोन बोटं अलीकडेच थांबला होता.

दुसऱ्या दिवशी चाक दारावर चढलं. गणपतभाऊ आलेच. "अष्टांगातलं कोनतं अंग कापलं, सेलबाबा?"

"सम्यक वाचा," मामाजी म्हणाले. "वस्तीत जेवढी सापडली तेवढीच ओतली."

सगळा विहार हसला. गणपतभाऊही हसले. मी मात्र त्या आखूड आऱ्याकडेच पाहत राहिले.

मामाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. चाक अजून तिथेच आहे, एकही आरा तुटलेला नाही. मला राहून राहून आठवते ती त्या दिवशी घरी परततानाची वाट. ते पुढे, मी मागे. शेवटी धीर करून मी म्हटलं, "मामाजी, झारा मीच ओला देल्ला होता. तुमी सगळ्यायसमोर खोटं बोलले."

ते थांबले. भाजलेला हात छातीशी धरून त्यांनी मागे वळून पाहिलं.

"म्हनूनच तं तो आरा आखूड राहिला, बाई."