विमलाबाईंच्या सात चिठ्ठ्या

आंजी गावात भांडावं कसं हे कोणाला शिकायचं असेल, तर त्यानं विमलाबाईंकडे यावं. त्या आवाज चढवत नाहीत, हातवारे करत नाहीत. समोरच्याचं सगळं ऐकून घेतात आणि मग जागच्या हलत नाहीत. विहिरीच्या पाण्यावरून भाऊबंदांशी आणि लेकीच्या कॉलेजवरून सासूशी झालेली भांडणं त्या अशाच जिंकल्या. हार खाल्ली ती फक्त नवऱ्याकडून, कारण महादेवराव भांडतच नसत. काहीही विचारलं की फौजी हिंदीत म्हणत, "सब ठीक." आता अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

महादेवराव बावीस वर्षं फौजेत होते, अवजड ट्रकचे ड्रायव्हर. डोंगरातल्या रस्त्यांवरून त्यांनी दारूगोळ्यापासून रॉकेलपर्यंत सगळं वाहिलं. हवालदार होऊन घरी आले ते कंबरेतली चकती सरकवूनच. सोयाबीनचं पोतं सोडा, पाण्याची बादलीसुद्धा उचलता येईना. निवृत्तीच्या तपासणीत फौजेच्या डॉक्टरांनी कंबर अधू असल्याचं मान्य केलं, पण या दुखण्याचा नोकरीशी संबंध नाही असा शेरा मारला. त्या शेऱ्यामुळे अपंगत्वाची पेन्शन नाकारली गेली. पहिलं अपील फेटाळलं, दुसरंही फेटाळलं. दोन्ही वेळा कारण एकच होतं: या जवानानं इतक्या वर्षांत कंबरेची एकही तक्रार केल्याची नोंद नाही.

वर्ध्याच्या सैनिक कार्यालयातल्या बाबूनं दुसरा निकाल वाचून दाखवला तेव्हा विमलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेन्शन गेली तर गेली, पण ही कंबर काय त्यांनी आंजीहून मोडून नेली होती? भरतीत या फौजवाल्यांनीच पळवलं, छाती मोजली, दात पाहिले आणि धडधाकट म्हणून पोरगा नेला. आता मोडका परत देतात आणि वर म्हणतात, आमच्याकडे मोडला नाही!

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला समोर बसवलं. "काऊन नाई सांगतलं कोनाले?"

महादेवरावांनी पहिल्यांदाच 'सब ठीक'च्या पुढे काही सांगितलं. आजारी म्हणून नाव दिलं की पलटणीत कामचोर म्हणत. शिवाय आपली गाडी त्या दिवशी दुसऱ्याच्या गळ्यात पडे, आणि तो दुसरा बहुतेक वेळा रात्रभर गाडी हाकून नुकताच परतलेला असे. सकाळी साहेब विचारायचा, कोई तकलीफ? त्याला उत्तर एकच असायचं.

"मले तं लिहीत होते," विमलाबाई म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

लग्नानंतरची पाच-सहा वर्षं घरात फोन नव्हता. तेव्हाच्या चिठ्ठ्या त्यांनी पेटीत जपून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर फौजेच्या टपालाचा शिक्का होता, शिक्क्यात तारीख होती. साहेबाला, डॉक्टरला, दोस्ताला जे कधी सांगितलं नाही, ते या माणसानं बायकोला लिहिलं होतं.

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या हर्षा वकीलबाई चिठ्ठ्या पाहून म्हणाल्या, आता लष्करी न्यायाधिकरणात दाद मागू, तिथल्या नागपूरच्या सुनावणीत या पुरावा म्हणून लावू. महादेवराव भडकले. म्हणाले, "सारे साहेब लोक वाचतीन ते."

"वाचू द्या. नवऱ्यानं बायकोले लिहिलं, चोरी नाई केली."

पण विमलाबाईंनाही बरं वाटत नव्हतंच. रात्री उशाशी घेऊन वाचलेला कागद वकिलाच्या फाइलीत टोचायचा म्हणजे जिवावर येतं. दुपारभर बसून त्यांनी सात निवडल्या. ज्यांत कंबरेपेक्षा इतर गोष्टीच जास्त होत्या, त्या परत पेटीत गेल्या.

सुनावणीला समोर दोघं होते: एक न्यायाधीश आणि एक फौजेतलेच निवृत्त अधिकारी. सरकारी वकिलानं घरगुती पत्रांना पुरावा म्हणायला हरकत घेतली. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि एक चिठ्ठी मोठ्यानं वाचली.

"विमल, आज गाडीतून उतरताना कंबरेत अशी कळ आली की दरवाजा धरून तसाच उभा राह्यलो. साहेब समोरून येत होते. त्यायले वाटलं मी सॅल्यूट मारायले थांबलो. तेही सॅल्यूट मारून गेले. बाबाले सांगू नको."

महादेवराव बुटांकडे बघत राहिले. विमलाबाईंना रडू आलं आणि त्याचा रागही आला, कारण रडायला त्या आल्याच नव्हत्या.

निवृत्त अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "हवालदार, अभी भी तकलीफ है?"

महादेवराव ताडकन उभे राहिले. टाचा जुळल्या, छाती पुढे आली. "नहीं साहब!"

हर्षाबाईंनी कपाळाला हात लावला. सरकारी वकील हसला. विमलाबाई मागच्या बाकावरून उठल्या. उठायची परवानगी नव्हती, ती त्यांनी मागितलीही नाही.

"खोटं बोलून राह्यले हे, साहेब. बावीस वर्षं हेच केलं यायनं."

न्यायाधीशांनी विचारलं, आपण कोण?

"ज्या विमलले लिहिलं, ते मीच. आता उभे हायेत, ते बसतानी पाहा."

सगळे पाहू लागले. महादेवराव उभेच राहिले. बराच वेळ तसेच होते. कपाळावर घाम आला. मग त्यांनी एक हात बाकाच्या पाठीवर टेकला, दुसरा गुडघ्यावर ठेवला आणि सगळ्यांसमोर, हळूहळू, दात आवळून खाली बसले.

"है साहब," ते म्हणाले. "बहुत है."

निकाल तिथंच सांगितला गेला. दुखणं नोकरीतच जडलं, पेन्शन द्यावी. बाहेर व्हरांड्यात सरकारी वकील हर्षाबाईंना म्हणाला, एवढ्यावर खूश होऊ नका, आम्ही वरच्या कोर्टात जाऊ. विमलाबाईंनी पदर खोचला आणि तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी महादेवराव वळले. जन्मात कोणाशी न भांडलेला तो माणूस बायकोच्या खांद्यावर सगळा भार टाकून वकिलासमोर उभा राहिला.

"खुशाल जा साहेब," ते म्हणाले. "तारीख तेवढी कळवजा."