निकम सरांचं कोर्ट आणि माझ्या कुरडया

आमच्या आणि निकम सरांच्या घरामधली भिंत चारच फुटांची. त्यामुळं त्यांचे किस्से मी मुद्दाम गोळा केले, असं कुणी म्हणू नये. ते आपोआप अंगणात येऊन पडतात, त्यांच्या बॉलसारखे! बॉल मी परत करते. किस्से ठेवून घेते.

*

सर मिलिटरीतून रिटायर झाले आणि आमच्या रहिमतपुरात कॉलेजवर मुलींच्या बास्केटबॉल टीमचे कोच म्हणून आले. पहिल्याच दिवशी शिडीवर चढून रिंगला जाळी बांधत होते. खाली आमचे चुलत सासरे, तात्या, मान वर करून उभे. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आवं सर, बुट्टी टांगलीसा झकास, पण तिला बूडच न्हाई! आधी ती बदलून आणा!"

*

उंच पोरगी दिसली की सरांना भान राहत नाही. माझ्या पुतण्याच्या लग्नात अक्षता हातात घेऊन माझ्या कानाशी कुजबुजले, "वहिनी, नवरी चांगली पावणेसहा फूट आहे हो! पुढं काय करणार?"

"सर, आत्ता लग्न करतेय!"

ऐकतील तर! पंगतीत थेट तिच्या सासऱ्यांना, म्हणजे माझ्या दिरांना गाठलं. दीरही माजी फौजी. म्हणाले, "आरं गड्या, सुनंला उंबरा तरी वलांडू दे!"

महिन्याभरात आमची नवी सून अश्विनी कॉलेजात नाव नोंदवून, ट्रॅकसूट घालून कोर्टावर. पुढं कॅप्टनही झाली.

*

टीम दर वर्षी सांगलीला जायची आणि पहिलीच मॅच हरून यायची. मी भिंतीवरून विचारायचे, "काय झालं, सर?"

"अनुभव चांगला मिळाला, वहिनी."

एकदा त्यांची बायको सुनंदा आतून ओरडली, "अहो, अनुभव लय झाला! आता एखादी मॅच घेऊन या!"

*

मग एका वर्षी प्राचार्यांनी सांगूनच टाकलं, "यंदा पहिली मॅच हरलात, तर कोर्टाचं पार्किंग होणार." त्या दिवशी सरांनी शिट्टी खिळ्याला अडकवली.

काळजी मलाही लागली. खरं सांगते, कुरडया वाळवायला अख्ख्या गावात तेवढी गुळगुळीत जागा दुसरी नाही!

*

म्हणून त्या उन्हाळ्यात आम्ही बायकांनी घाईच केली. सकाळीच कोर्टभर साड्या अंथरल्या, वर कुरडया घातल्या. चार वाजता सर पोरींना घेऊन आले आणि बघतच राहिले.

"वहिनी! हे काय?"

"दोन दिवस सर, फक्त दोन दिवस! तळून पहिलं ताट तुमच्याकडंच देते!"

सर कमरेवर हात ठेवून उभे. दोन साड्यांच्या मधे वीतभर वाट होती. तिकडं बघत बघत त्यांनी हळूच शिट्टी तोंडात धरली. "चला गं! बॉल आपटत या वाटांनी पळायचं. कुरडई मोडली, तर वहिनी आहेत आणि तुम्ही आहात!"

पहिल्या दिवशी माझ्या एकोणीस कुरडया मोडल्या. मी बोलायचं ते बोलले. दुसऱ्या दिवशी तीन. सर म्हणाले, "वहिनी, अजून आठवडाभर घालता का?"

*

थंडीत सांगलीला तीच पहिली मॅच. मी गेले होते, जाणारच! समोरच्या पोरी एकेक ताडमाड. शेवटचं अर्धं मिनिट, आम्ही एका पॉइंटनं मागं. बॉल अश्विनीच्या हातात आणि पुढं पाचजणींची भिंत. सरांचा शर्ट घामानं भिजलेला. एकदम उभे राहून ओरडले,

"अश्विनी, कुरडया!"

पोरगी खाली वाकली आणि त्या पाचजणींच्या मधनं अशी गेली, की एकीलाही धक्का नाही! बॉल रिंगमधून खाली आला आणि शिट्टी झाली.

जिंकलो! मी तात्यांच्या वयाच्या एका अनोळखी गृहस्थांना मिठी मारली, पण ते राहू दे.

समोरचे कोच वही घेऊन आले. "सर, हे ड्रिल कुठल्या कॅम्पमध्ये शिकलात?"

सरांनी गॅलरीत माझ्याकडं बोट केलं.

*

दुसरी मॅच हरलो, पण कोर्ट राहिलं. परवा उन्हं तापायला लागली आणि सर भिंतीपाशी येऊन उभे.

"वहिनी, यंदा जरा जवळजवळ घाला. पुढच्या राउंडचा डिफेन्स लय टाईट असतो!"